दोघांनीच हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जायचं असेल तर

दहा-बारा जणांच्या गटात एखाद्याचं पाणी संपलं, टॉर्च बंद पडला किंवा पाय मुरगळला तर कोणी ना कोणी सांभाळून घेतं. दोघंच असताना ती सोय नसते. एकाचा पाय दुखावला की दुसऱ्यापुढे लगेच पेच उभा राहतो: जवळ बसून राहायचं की मदत आणायला जायचं? म्हणून दोघांच्या ट्रेकची तयारी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. काय वाटून घ्यायचं, काय अजिबात वाटून घ्यायचं नाही आणि कोणत्या क्षणी मागे फिरायचं, हे घरीच ठरलेलं असलं पाहिजे.

हरिश्चंद्रगड एका मुक्कामासाठी अगदी योग्य आहे. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा, कोकणकडा आणि तारामती शिखर हे सगळं एका दिवसात उरकायला गेलं की नुसती धावपळ होते. एक रात्र काढली तर निवांत बघून होतं. शनिवार-रविवारी वर माणसांची वर्दळ असते आणि पायथ्याच्या गावांतले लोक जेवणाची सोय करतात. पहिल्यांदाच दोघं जाणार असाल तर ही वर्दळ तुमच्या फायद्याचीच आहे. एकांत हवा म्हणून मधल्या वाराला जायचा मोह पहिल्या खेपेला तरी टाळा.

वाट कोणती घ्यायची

सगळ्यात सोपी वाट पाचनईची. अडीच-तीन तासांत माणूस मंदिरापाशी पोचतो. पण पाचनई अकोले तालुक्यात आतल्या बाजूला आहे. राजूरहून पुढे वाहनं तुरळक मिळतात, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर येण्याजाण्याची जीप आधीच ठरवून ठेवावी लागते. दोघांत तो खर्च अंगावर येतो.

दुसरी वाट जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे. चार ते पाच तास लागतात, चढही जास्त, पण गाव माळशेज घाटाच्या हमरस्त्यापासून जवळ आहे. पुण्याहून एसटीने नारायणगाव, आळेफाटा आणि तिथून कल्याणकडे जाणारी गाडी धरून घाट सुरू होण्याआधी खुबी फाट्यावर उतरायचं. मुंबईकरांनी कल्याणहून आळेफाट्याकडे किंवा नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं; माळशेज घाट चढून आलं की खुबी फाटा येतो. कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगून ठेवा, गाडी पुढे निघून गेली तर परतीचं वाहन मिळायला वेळ जातो. फाट्यापासून खिरेश्वर साधारण पाच किलोमीटर, पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडेने. चालत सव्वा तास धरा.

बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट दोघांनी विचारातसुद्धा घेऊ नये. दगडगोट्यांनी भरलेली घळ आहे, वरून दगड सुटतात, कातळटप्प्यांना दोर लागतो आणि अर्ध्यावर अडकल्यास मागे फिरणंही तितकंच अवघड. ती अनुभवी गटाची वाट आहे.

खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरायची कल्पना पुष्कळांना आवडते. बघायला जास्त मिळतं हे खरं. पण तुमची गाडी खिरेश्वरात आणि तुम्ही दमून पाचनईत, असं होतं. पहिल्यांदा आल्या वाटेनेच उतरा. उतरताना ओळखीची वाट असणं हे दोघांसाठी मोठं बळ असतं.

कधी जायचं

ऑक्टोबरची अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हवा कोरडी, वाट पक्की, दृश्य लांबपर्यंत मोकळं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एक अंकी आकड्यावर येतो आणि वारा असला की त्याहून थंड वाटतं.

जून ते ऑगस्ट गड देखणा असतो, पण दोघांनी त्या दिवसांत मुक्कामाला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. तोलार खिंडीच्या वरच्या पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. वाटा गवतात बुजतात, ओढे तासाभरात फुगतात आणि खिंडीवरचा कातळटप्पा शेवाळाने निसरडा होतो. या पठारावर माणसं चुकतात ती बहुतेक धुक्यातच. मार्चनंतर उन्हाचा त्रास: खिरेश्वरच्या वाटेवर खिंडीपर्यंत सावली आहे, पुढे मोकळं. त्या दिवसांत पाचनईहून जा आणि उजाडतानाच चढायला लागा.

आठवडाभर आधी तीन गोष्टी करून टाका. खिरेश्वर किंवा पाचनईत ज्यांच्याकडे जेवणार त्यांच्याशी फोनवर बोला. गड कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे प्रवेशशुल्क आणि मुक्कामाचे चालू नियम त्याच फोनवर विचारून घ्या. तंबू कुठे लावू देतात, गुहेत झोपू देतात का, हे बदलत असतं. आणि घरच्या किंवा मित्रांपैकी एका तिसऱ्या माणसाला कागदावर लिहून द्या: कोणती वाट, कोणत्या गावातून निघणार, परत खिरेश्वरात किती वाजता आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. दुपारी दोनला उतरणार असाल तर ही वेळ संध्याकाळी सहाची ठेवा. चार तासांची मोकळीक दिली की उगाच घाबरगुंडी उडत नाही आणि खरंच काही झालं असेल तर त्याच संध्याकाळी शोध सुरू होऊ शकतो.

जोडीदार

दोघांची ताकद सारखीच हवी असं नाही. दमल्यावर ‘दमलो’ म्हणणारा माणूस मात्र हवा. संकोचाने किंवा हट्टाने गप्प राहणारा जोडीदार तासाभराने एकदम बसतो, आणि तेव्हा नेमका कातळटप्पा समोर असतो.

आधी एकदा एकत्र चढून बघा. पुण्यातले असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर सात किलो वजन घेऊन. दीड तासात दोघंही पोचलात आणि वर गेल्यावर बोलता येतंय, तर खिरेश्वरची वाट जमेल. एकाला दोन तासांहून जास्त लागले तर महिनाभर जिने चढायचा सराव करा किंवा सरळ पाचनई धरा. याच दिवशी बूट पारखून होतात. नवे बूट मुक्कामाच्या ट्रेकला पहिल्यांदा घातले की टाचेला फोड ठरलेलाच.

त्याच चढाईत तब्येतीचंही बोलून घ्या. दमा, मधुमेह, रक्तदाब, कसली ॲलर्जी, रोजच्या गोळ्या कोणत्या कप्प्यात आहेत, हे दोघांनाही माहीत हवं. मधमाशी चावल्यावर सूज येते का, हे या गडासाठी मुद्दाम विचारा. उंचीची भीती हाही बोलायचाच विषय आहे. तोलार खिंडीच्या वरच्या टप्प्यावर ती पहिल्यांदा कळू नये.

सामान: ज्याचं त्याचं आणि दोघांत मिळून

नियम सोपा आहे. वाट चुकून दोघं वेगळे झालात आणि रात्र एकट्याने काढावी लागली तर ज्याच्यावाचून जीव धोक्यात येईल, ते ज्याच्या त्याच्या पाठीवर. बाकीचं वाटून.

ज्याचं त्याचं: पाणी तीन लिटर, एकाच मोठ्या बाटलीत न घेता तीन बाटल्यांत, म्हणजे एक फुटली तरी दोन उरतात. डोक्याला लावायचा टॉर्च आणि जास्तीचे सेल. गळ्यात अडकवलेली शिट्टी. विंडचीटर. एक जाड स्वेटर किंवा जॅकेट, कानटोपी, कोरडे मोजे दोन जोड. स्लीपिंग बॅग, कॅरी मॅट. फोन, पूर्ण चार्ज केलेला, गडाचा नकाशा आधीच उतरवून घेतलेला. ओळखपत्र, थोडे सुटे पैसे. मूठभर खजूर आणि गूळ-शेंगदाणे खिशात.

दोघांत मिळून: प्रथमोपचाराची पिशवी, पॉवर बँक, दहा मीटर दोरी, चाकू, आगपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तंबू असेल तर तो. तंबूचं कापड एकाकडे, खांब दुसऱ्याकडे, अशी वाटणी वजनाला बरोबर असली तरी सोयीची नाही. दुसरा मागे राहिला की पहिल्याच्या हातात नुसतं कापड. आख्खा तंबू एकाकडे आणि खाण्याचं सामान दुसऱ्याकडे द्या.

चाळीस-पंचेचाळीस लिटरची सॅक पुरते. सगळं भरून वजन नऊ किलोच्या आसपास यावं, त्यातलं तीन किलो पाणी. दहाच्या वर गेलं तर कपडे कमी करा, पाणी नको. सॅकमध्ये आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी अस्तरासारखी घाला, पावसाच्या कव्हरपेक्षा ती भरवशाची असते. तळाशी स्लीपिंग बॅग, मग जड वस्तू मध्यावर आणि पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या बाजूला. जड वस्तू वर किंवा बाहेर ठेवली की कातळावर वाकताना सॅक मागे खेचते आणि तोल जातो. टॉर्च आणि विंडचीटर सगळ्यात वर. अंधार पडल्यावर सॅक उपसून टॉर्च शोधायची वेळ येऊ नये.

कॅरी मॅट कमी महत्त्वाची समजून घरी ठेवणारे पुष्कळ असतात. गुहेची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग तिथे काही कामाची राहत नाही. महाग बॅग आणि मॅट नाही, यापेक्षा साधी बॅग आणि चांगली मॅट घेतलेली बरी. पुण्या-मुंबईत दोन्ही भाड्याने मिळतात. बॅग घेताना पाच अंशांपर्यंत चालते का ते विचारून घ्या आणि तिची चेन दुकानातच दोनदा वर-खाली करून बघा.

प्रथमोपचारात क्रेप बँडेज दोन, चिकटपट्टी, निर्जंतुक गॉज, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल, ॲलर्जीवरची गोळी, ओआरएसची पाकिटं आणि एक चिमटा एवढं पुरे. ओआरएस घेताना पाकीट एक लिटरसाठी आहे की २०० मिलीसाठी, ते वाचा. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकलं तर मीठ-साखर दुप्पट होऊन त्रासच वाढतो.

खाणं

दोघांनी स्टोव्ह नेऊ नये असं मी म्हणेन. वर गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी, चहा, पोहे मिळतात, आधी सांगितलं की हमखास. त्यातून त्यांच्या घरात दोन पैसे जातात आणि तुमची दोन-अडीच किलोंची बचत होते. शिवाय गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, त्यामुळे कल्याणपर्यंत रेल्वेने येणाऱ्यांचा प्रश्नच मिटतो.

पण जेवण वर मिळणार म्हणून पिशवी रिकामी ठेवू नका. दुपारचं एक जेवण आणि रात्रीचं एक राखीव, एवढं बरोबर हवंच. दशम्या यासाठी उत्तम, दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. माणशी चार दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ. बटाट्याची भाजी, उसळ असलं ओलं काही सकाळी डब्यात भरलं तर दुपारच्या उन्हात आंबतं. माणशी दीडशे ग्रॅम गूळ-शेंगदाणे, आठ-दहा खजूर, दोन संत्री किंवा मोसंबी. चढताना गोड आणि खारट थोडं थोडं खात राहायचं. पोटभर जेवून कातळटप्पा चढायला घेतला की धाप लागते.

स्वतःच्या गाडीने येऊन वर रांधायचंच असेल तर दोघांना तांदूळ दीडशे ग्रॅम, मुगाची डाळ पाऊणशे ग्रॅम आणि पाणी एक लिटर अशी खिचडी पुरते. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा. एवढ्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे न भिजवता टाकलेली डाळ कच्ची राहते आणि गॅस संपत जातो. थंडीत गॅसच्या डबीचा दाब पडतो. आच मंद वाटली तर डबी दहा मिनिटं जॅकेटच्या आत धरा. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही. कापड पेट घेतंच, शिवाय बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. लाकडं जमवून शेकोटी करायची नाही, अभयारण्यात आहात.

चढाई

खिरेश्वर सोडायची चांगली वेळ सकाळी आठ. थंडीत उशिरात उशिरा दुपारी बारा, कारण पाच तास धरले की मंदिरापाशी पाच वाजतात आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. बारा वाजून गेले असतील तर गावात कोणाच्या पडवीत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना निघा. दुसरी वेळ तोलार खिंडीची: दोनपर्यंत खिंडीत पोचला नाहीत तर परत फिरायचं. या दोन वेळा घरून ठरवून निघा आणि त्यावर वर जाऊन चर्चा करू नका. दमलेल्या अवस्थेत ‘थोडंच राहिलंय’ हे प्रत्येकालाच पटतं.

गावातून निघाल्यावर खिंडीपर्यंतचा दीड तास झाडीतून सरळ चढ आहे. जो हळू चालतो तो पुढे राहील. मागचा आपोआप त्याची चाल धरतो आणि दोघांमधलं अंतर वाढत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. चाळीस-पन्नास मिनिटांनी पाच-सात मिनिटं थांबा. त्याहून जास्त बसलं की स्नायू गार पडतात आणि पुन्हा उठायला जड जातं. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट.

तोलार खिंडीत वाघ कोरलेला दगड आहे. तिथून समोर उतरणारी वाट कोथळ्याकडे जाते. गडाची वाट डावीकडे वर. इथेच सॅकचे पट्टे आवळून घ्या, बाहेर लोंबणाऱ्या बाटल्या आत टाका, फोन खिशात बंद करा, कारण लगेच कातळटप्पा सुरू होतो. रेलिंग लावलेली आहेत, खोबणी चांगल्या आहेत, कोरड्या दिवसांत अवघड काही नाही. तरी दोन हात-दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले ठेवा आणि चौथा हलवा. रेलिंगला आधार म्हणून धरा, पण अंगाचा पूर्ण भार त्याच्यावर टाकण्याआधी हलवून बघा. पावसाळ्यानंतर एखादा खांब सैल झालेला असतो. एका वेळी एकानेच चढायचं. दुसऱ्याने खाली उभं राहताना सरळ रेषेत राहायचं नाही, बाजूला सरकायचं, म्हणजे सुटलेला दगड डोक्यावर येत नाही. जोडीदार घाबरला असेल तर ‘चल, काही होत नाही’ या धीराचा उपयोग नसतो. ‘उजवा पाय त्या पिवळ्या खुणेपाशी ठेव, आता डावा हात वर’ असं एकेक सांगितलं की माणूस चढतो.

टप्पा संपला की लोकांना वाटतं झालं. खरं तर अजून दोन-अडीच तास आहेत. लहान लहान टेकाडं चढत-उतरत पठारावरून जावं लागतं आणि वाट चुकते ती इथेच. बालेकिल्ल्याकडे चढणारी वाट फुटते, शिवाय गुराढोरांच्या वाटा जागोजागी आडव्या येतात. ढोरवाट ओळखायची खूण अशी की ती हळूहळू गवतात विरते आणि फांद्या छातीपर्यंत आडव्या येऊ लागतात, कारण गुरं खालून जातात. माणसांच्या वाटेवर दगडांवर बाणांच्या खुणा असतात आणि मातीत बुटांचे ठसे. दहा मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर थांबा. शेवटची खूण जिथे नक्की पाहिली तिथवर दोघांनी मिळून मागे या. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने ‘जरा बघून येतो’ म्हणत पुढे जायचं, ही दोघांच्या ट्रेकमधली सगळ्यात धोक्याची सवय आहे. दोन मिनिटांत आवाज ऐकू येईनासा होतो आणि मग दोघंही एकमेकांना शोधत हलत राहतात.

शिट्टीचे संकेत निघतानाच ठरवा: एक म्हणजे ‘कुठे आहेस’, दोन म्हणजे ‘इथे आहे’, तीन म्हणजे ‘मदत हवी’. वेगळे झालातच तर दोघांनीही जागा सोडायची नाही, दर पाच मिनिटांनी शिट्टी. अर्ध्या तासात भेट झाली नाही तरच शेवटच्या एकत्र थांब्यावर यायचं.

आरडाओरडा, मोठ्याने गाणी, अत्तर, धूर यांपासून कड्यांजवळ लांब राहा. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. माशा उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाकून वाऱ्याच्या उलट दिशेला झाडीत पळा. पाण्यात उडी मारून उपयोग होत नाही, त्या वर घोंगावत थांबतात.

गडावर

मंदिरापाशी पोचल्यावर पहिलं काम मुक्कामाची जागा ठरवणं, कोकणकडा नंतर. मंदिराच्या आसपास कातळात कोरलेल्या गुहा आहेत. शनिवारी त्या लवकर भरतात. गुहा निवडताना तळ हाताने चाचपा. ओल लागली किंवा भिंतीवर ताजी शेवाळी दिसली तर सोडा. तंबू लावायचा तर सांगतील त्याच जागी, कड्यापासून दूर आणि दार वाऱ्याकडे पाठ करून. संध्याकाळनंतर वारा कड्याकडून जोरात येतो. खुंटे मातीत पंचेचाळीस अंशांत, तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले ठोका आणि प्रत्येकावर दगड ठेवा.

वरच्या टाक्यांतलं पाणी थंडगार आणि बघायला स्वच्छ असतं, तरी पिण्याआधी एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हात-पाय, भांडी, साबण काही नाही. पाणी भांड्यात काढून पन्नास पावलं दूर जाऊन धुवा. शौचालाही पाण्यापासून निदान सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा करून वर माती. टिश्यू आणि पॅड चेनच्या पिशवीत घालून खाली न्यायचे.

केदारेश्वराच्या गुहेत मोठं शिवलिंग पाण्यात आहे. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पाणी हिवाळ्यात हाडं गोठवणारं असतं, त्यात प्रदक्षिणेला उतरणार असाल तर भर दुपारी उतरा आणि कोरडे कपडे काठावर तयार ठेवा. संध्याकाळी भिजलं तर रात्रभर हुडहुडी सुटत नाही.

कोकणकडा मंदिरापासून वीस-तीस मिनिटांवर. सूर्यास्ताआधी तासभर निघा आणि टॉर्च बरोबर घ्याच, परत येईपर्यंत अंधार पडतो. जाताना दर वळणावर मागे वळून बघा. परतीची वाट डोळ्यांना उलट दिसते, ती आधीच पाहून ठेवली की अंधारात ओळख पटते. कडा आत वळलेला आहे, म्हणजे तुम्ही उभे असता त्याच्या खाली पोकळी असते. काठाची माती भुसभुशीत, गवताने झाकलेली. उभं राहून वाकायचं नाही. काठापासून पाच-सहा पावलं अलीकडे सॅक काढून पालथं झोपायचं आणि सरपटत पुढे जायचं, जोडीदाराने पाय धरून मागे बसायचं. दोघांनी एकाच वेळी काठावर जायचं नाही, फोटोसाठीही नाही. दरीतून वर येणारा वारा टोपी, ओढणी उडवतो. ती पकडायला झेप घेऊ नका.

इंद्रवज्र, म्हणजे दरीतल्या धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, या कड्यावरून दिसतं. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली ते इथे पाहिल्याची नोंद सांगितली जाते. सूर्य पाठीमागे आणि समोर खाली धुकं असं जुळून यावं लागतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे पावसाळा संपतानाची सकाळ त्याला अनुकूल.

रात्र

जेवल्यावर लगेच कोरडे मोजे आणि कोरडा बनियन घाला. दिवसभराचा घाम कपड्यांत राहिला की थंडी त्यातूनच शिरते. बॅगेत शिरण्याआधी दोन मिनिटं जागेवर उड्या मारा. बॅग ऊब तयार करत नाही, तुमच्या अंगची ऊब राखते. जोडीदार थरथरत असेल तर ओले कपडे बदला, कोमट गोड चहा द्या, दोन्ही मॅट एकावर एक घालून जवळ जवळ झोपा. थरथर थांबली पण बोलणं जड, हालचाल वेंधळी झाली तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. लगेच शेजारच्या लोकांना उठवा.

खाण्याच्या पिशव्या बंद करून गुहेच्या आत, डोक्याशी. सकाळी माकडं येतात. बूट पालथे ठेवा आणि घालण्याआधी आपटून घ्या, विंचू आत शिरतात. रात्री उठावं लागलं तर जोडीदाराला सांगून जा.

काही बिघडलंच तर

रेंज गडावर सगळीकडे नाही, उंचवट्यांवर तुकड्या-तुकड्यांत मिळते. चढताना जिथे मिळाली ती जागा लक्षात ठेवा. एरवी फोन विमान मोडवर ठेवा, रेंज शोधण्यात बॅटरी संपते. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. डोंगरातल्या सुटकेसाठी महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा मदत क्रमांक आणि खिरेश्वरातल्या एका माणसाचा क्रमांक निघण्याआधी दोघांच्या फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या.

पाय मुरगळला आणि चालायचं आहे, तर बूट काढू नका. काढला की सूज येते आणि परत जात नाही. नाडी घट्ट करा, बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधा, त्याची सॅक तुम्ही रिकामी करून वजन घ्या. वजन टाकताच कळ असह्य होत असेल तर हाड मोडलंय असं धरून चाला आणि त्याला हलवू नका.

साप चावल्यास, फुरसं असो, घोणस असो की चापडा, कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काहीही करायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढा, हात-पाय फळी किंवा काठी लावून स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका. विषावरचं औषध सरकारी रुग्णालयात मिळतं आणि तिथे लवकर पोचणं एवढंच महत्त्वाचं. गावकऱ्यांना हाक मारा. डोली करून उतरवायची त्यांना सवय असते.

जखमीला सोडून मदतीला जायचं की नाही, हा दोघांतला अवघड निर्णय. आधी आहात तिथूनच शिट्टी आणि फोन, अर्धा तास. वाटेवर वर्दळ असेल तर येणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवा, तुम्ही थांबा. कोणीच येत नसेल तर आणि उजेड असेल तरच जा. जाण्याआधी त्याला मॅटवर बसवा, बॅगेत गुंडाळा, पाणी, खाणं, टॉर्च आणि शिट्टी हाताशी द्या. जागेचा फोटो काढा, नकाशावर खूण करा, वेळ लिहा. बेशुद्ध माणसाला एकट्याला सोडायचं नाही. अंधार झाला असेल तर दोघांनी तिथेच रात्र काढायची. म्हणूनच स्लीपिंग बॅग ज्याची त्याच्या पाठीवर सांगितली.

दुसरा दिवस

तारामतीवर सूर्योदय बघायचा तर मंदिरापासून पाऊण ते एक तास धरा. जानेवारीत सात-सव्वासातला उजाडतं, म्हणजे पावणेसहाला निघायचं. सुमारे १,४२९ मीटर उंचीचं हे शिखर गडावरचं सर्वोच्च ठिकाण आहे. चढ उभा, घसाऱ्याचा, त्यामुळे टॉर्चच्या उजेडात लहान पावलं टाका. सॅक खाली ठेवून जाणार असाल तर पाणी, विंडचीटर आणि शिट्टी मात्र बरोबर.

पोहे-चहा करून साडेनऊ-दहाला उतरायला लागा. निघताना बुटाच्या नाड्या घोट्यापाशी आवळा, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं होत नाही. पायाला कुठे चुरचुरत असेल तर फोड यायची वाट न बघता तिथेच चिकटपट्टी लावा. माणशी दोन लिटर पाणी वरून भरून घ्या. उतरताना पाणी कमी लागतं हा गैरसमज, अकराचं ऊन पठारावर थेट अंगावर असतं.

कातळटप्पा उतरताना तोंड कातळाकडे. पायऱ्यांसारखं समोर बघून उतरायला गेलं की सॅक मागून कातळाला अडकते आणि पुढे ढकलते. सवयीचा माणूस आधी खाली जाईल आणि बाजूला उभा राहून दुसऱ्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगेल. अपघात बहुतेक उतरतानाच होतात, गुडघे थकलेले असतात आणि मन घरी पोचलेलं असतं. खिंडीत दहा मिनिटं बसा, उरलेला गूळ संपवा, मगच जंगलातली उतरण घ्या.

साडेबारा-एकपर्यंत खिरेश्वरात. पहिला फोन त्या तिसऱ्या माणसाला. मग नागेश्वराचं मंदिर बघून घ्या, गावातच आहे. आणि एसटीने जाणार असाल तर चारच्या आत खुबी फाट्यावर उभे राहा, कारण अंधारात घाटरस्त्यावर हात दाखवून गाडी थांबेलच असं नाही.